हात वर करण्याआधी



वार्षिक सभांचा हंगाम सुरू झाला आहे. मार्चअखेर संपलेल्या वर्षाची सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे गणपतीच्या आगेमागे राज्यभरातल्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने आणि गृहनिर्माण संस्थांची धांदल उडते. अहवाल छापून येतात, मांडव पडतो, नाश्त्याची ऑर्डर जाते. अहवालाच्या पहिल्या पानावर विषयपत्रिका असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, नफा-तोटा पत्रक स्वीकारणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे. याच रांगेत खाली कुठेतरी कधीकधी एक ओळ येते: संस्थेच्या हितास बाधक वर्तन करणाऱ्या सभासदाबाबत निर्णय घेणे.

हे आवाहन त्या एका ओळीसाठी आहे. ती तुमच्या संस्थेच्या अहवालात यंदा आहे का, हे आजच पाहा. घरात अहवाल आला नसेल तर संस्थेत जाऊन मागून घ्या.

ती ओळ म्हणजे तुमच्यातल्याच एका माणसाला संस्थेबाहेर काढण्याचा ठराव. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 35 ने हा अधिकार दिला आहे आणि तो चेअरमनला दिलेला नाही, संचालक मंडळालाही दिलेला नाही. तो सर्वसाधारण सभेचा, म्हणजे तुमचा आहे. सभेला हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिले तरच माणूस काढता येतो. संचालक मंडळ ठराव आणते, भाषणे करते, वातावरण तापवते. माणूस काढणारे हात मात्र समोर खुर्च्यांवर बसलेल्यांचे असतात.

आता थोडा हिशोब करू. समजा, एखाद्या कारखान्याचे बारा हजार सभासद आहेत. सभेच्या नोटिशीत तळाला नेहमीची टीप असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल आणि त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. अर्ध्या तासाने मांडवात तीनशे माणसे उरली आणि सगळ्यांनी मत दिले, तर सव्वादोनशे हातांनी ठराव मंजूर होतो. बारा हजारांच्या नावाने सव्वादोनशे जण एकाला घालवतात आणि उरलेले पावणेबारा हजार दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात, की सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. त्या तीनशेंत कोण बसलेले असते हे कोणी सांगायला नको. पुढच्या रांगा कशा भरतात, 'मंजूर, मंजूर'चा पहिला आवाज कुठून येतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

म्हणून पहिली विनंती ही, की यंदा सभेला जा. नुसते जा म्हणून भागणार नाही; शेवटचा विषय होईपर्यंत बसा.

काहींना वाटेल, एका माणसाचे सभासदत्व गेले तर एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. विकास सोसायटीचा सभासद नसेल तर जिल्हा बँकेचे पीककर्ज त्याच्यापर्यंत पोचण्याची रोजची वाट बंद होते, आणि बाकीचे शेतकरी सवलतीच्या व्याजाने कर्ज उचलत असताना तो सावकाराच्या ओट्यावर बसतो. कारखान्याचा सभासद नसेल तर सभासदांची साखर गेली, आणि ऊस वेळेवर तोडून नेण्याचा हक्काने आग्रह धरायची जागाही गेली. दूध संस्थेत दिवाळीचा फरक गेला. हकालपट्टीबरोबर शेअर जप्त करण्याची मुभा नियमांत आहे. सगळ्यात कडक कलम वेगळेच आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. एका संस्थेतून काढलेल्या माणसाला पुढे एक वर्ष त्या संस्थेचे दार बंद होतेच, शिवाय दुसऱ्या कोणत्याही सहकारी संस्थेत नव्याने सभासद होता येत नाही. सहकारी संस्थांच्या निबंधकाने खास कारणासाठी परवानगी दिली तरच सुटका. ज्या तालुक्यात दूध, ऊस, कर्ज, खत आणि बाजार या सगळ्यांवर सहकाराची पाटी आहे, तिथे ही बंदी किती जड पडत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

गृहनिर्माण संस्थेत तर सभासदत्व आणि राहते घर एकमेकांत गुंतलेले असते. तिथे काढून टाकण्याचा ठराव ही घरावर येणाऱ्या संकटाची सुरुवात असू शकते.

याचा अर्थ कोणालाही कधीच काढू नये असा नाही. दुधात भेसळ करून अख्ख्या गावाचा टँकर परत पाठवायला लावणारा असतो. बोगस सात-बारा लावून कर्ज उचलणारा असतो. ऐपत असून वर्षानुवर्षे देखभाल खर्च न भरता, सोसायटीच्या पाण्यावर आणि लिफ्टवर हक्क मात्र पुरेपूर सांगणारा असतो. अशांसमोर संस्था हतबल असावी असे कोणी म्हणणार नाही. तरीही लक्षात ठेवा, की थकबाकी वसूल करायला कलम 101 खाली वसुली दाखला मिळवण्याचा वेगळा आणि सरळ रस्ता कायद्यात आहे. तो रस्ता सोडून संस्था थेट हकालपट्टीकडे वळली, तर तिला पैसे हवे आहेत की माणूस नको आहे, हे सभेत उभे राहून विचारायला हरकत नाही.

खरा धोका आहे तो 'बदनामी' या कारणात. या कायद्याखालच्या 1961 च्या नियमांतला 28 वा नियम हकालपट्टीची कारणे सांगतो. सतत थकबाकी ठेवणे, आपला माल संस्थेमार्फत विकण्याचे पोटनियम मोडणे ही त्यातली कारणे तपासता येण्यासारखी आहेत. खतावणी उघडली की खरे-खोटे कळते. त्याच नियमात आणखी एक कारण आहे, की समितीच्या मते ज्याने संस्थेची बदनामी केली असा सभासद. 'समितीच्या मते' हे दोन शब्द किती रुंद आहेत पाहा. नोकरभरतीत नात्यागोत्याची माणसे का घेतली, असे सभेत विचारले, झाली बदनामी. वजनकाट्याबद्दल पेपरात दोन ओळी लिहिल्या, बदनामी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रंगकामाच्या निविदेचे कागद मागितले, तीही बदनामी. संचालकांची बदनामी आणि संस्थेची बदनामी यांत फरक आहे, एवढी साधी गोष्ट ज्यांच्या खुर्च्या धोक्यात असतात त्यांना सोयीने दिसत नाही.

कायदा मात्र प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. कलम 32 प्रमाणे संस्थेचा ताळेबंद, सभासदांचे रजिस्टर, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांचीही इतिवृत्ते पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. ठरलेली फी भरली की त्यांच्या नकला एक महिन्यात द्याव्या लागतात. चौकशीसाठी निबंधकांकडे अर्ज करणे हाही हक्कच आहे. हक्क बजावणे हे संस्थेच्या हिताला बाधक कसे ठरेल? ज्या ठरावात कारण म्हणून 'वारंवार तक्रारी करून संस्थेस त्रास देणे' असे लिहिलेले असेल, त्यावर हात वर करण्याआधी एवढे विचारा, की त्या तक्रारी खोट्या ठरल्या का, कोणी ठरवल्या, आणि त्याचा कागद कुठे आहे.

पुढचे नीट वाचा, कारण बहुतेक खटले इथेच उभे राहतात आणि इथेच पडतात.

हकालपट्टीचा ठराव समितीने आणला असेल किंवा एखाद्या सभासदाने चेअरमनला लेखी देऊन आणला असेल, तो सभेच्या विषयपत्रिकेवर आधीपासून असावा लागतो. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही जी विषयपत्रिकेतली शेवटची ओळ असते, तिच्या पोटात घालून माणूस काढता येत नाही. लोक उठू लागले, चपला शोधू लागले, नाश्त्याकडे वळले, की माईकवरून भराभर वाचून 'मंजूर' म्हणवून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी हातचलाखी आहे. तसे होताना दिसले तर तिथेच, त्याच क्षणी उभे राहा.

ज्याला काढायचे आहे त्याला वेगळी लेखी नोटीस जावी लागते आणि नोटिशीच्या तारखेपासून एक महिना उलटण्याआधी ती सभा घेता येत नाही. ही मुदत ध्यानात ठेवा, कारण इथे घाईत हमखास चूक होते. वार्षिक सभेची नोटीस बहुतेक ठिकाणी 14 दिवस आधी निघते. त्याच वेळी, त्याच पाकिटात संबंधित सभासदालाही कारणे दाखवा म्हणून कळवले असेल, तर महिना कुठे भरला? विचारायचा प्रश्न सोपा आहे: नोटीस कोणत्या तारखेला दिली आणि तिची पोच कुठे आहे?

मग येते बाजू मांडण्याची संधी. ती सभेपुढे द्यायची असते. चेअरमनच्या केबिनमध्ये दोन संचालकांसमोर त्याला बोलावले, चहा पाजला, 'आम्ही त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आहे' असे सभेत सांगितले, याला संधी म्हणत नाहीत. तो हजर असेल तर माईक त्याच्या हातात गेला पाहिजे आणि तो बोलत असताना मागून हुल्लड करणाऱ्यांना गप्प बसवले पाहिजे. तो हजर नसेल आणि त्याने लेखी खुलासा पाठवला असेल, तर सभेने त्याचा विचार करायला हवा. न वाचलेल्या खुलाशाचा विचार सभा कसा करणार? तेव्हा तो वाचून दाखवा, अशी मागणी करा.

तुम्ही म्हणाल, एवढे नियम मोडले तर कोर्ट आहेच की. कोर्ट आहे, पण कोर्ट काय तपासते हे माहीत असलेले बरे. टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया हा सर्वोच्च न्यायालयाचा 1962 चा निकाल या विषयात आजही आधाराला घेतला जातो. प्रकरण सहकारी संस्थेचे नव्हते, फ्रीमेसन मंडळींच्या लॉजमधून काढलेल्या सभासदाचे होते. न्यायालयाने तिथे जी रेघ आखली ती अशी, की सभासदाला काढायचे तर संस्थेने आपले नियम काटेकोर पाळले पाहिजेत, त्याला बाजू मांडू दिली पाहिजे आणि निर्णय सद्भावनेने घेतला पाहिजे. मात्र संस्थेचा निर्णय गुणदोषावर बरोबर होता की चूक, हे तपासायला न्यायालय अपील ऐकल्यासारखे बसणार नाही. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नियमांचे सोपस्कार पुरे करून एखाद्या भल्या माणसाला अन्यायाने काढले, तर त्याला कोर्टात झगडायला फार थोडी जागा उरते. न्याय-अन्यायाचा कौल मांडवातच लागून जातो आणि तो देणारे पंच तुम्ही असता. पुढे वकील, निबंधक, न्यायाधीश या सगळ्यांपुढे जातो तो एकच पुरावा, प्रोसिडिंग बुक. त्यात 'सर्वानुमते मंजूर' एवढेच लिहिलेले असेल तर तुम्ही मनातून विरोधात होता, याची नोंद जगात कुठेही नसते.

म्हणून मते मोजायला लावा. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे इतिवृत्तात लिहायला लावा. विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवा. भावकी दुखावेल, पुढच्या वर्षी ऊस उशिरा तुटेल, मुलाच्या नोकरीचा अर्ज अडेल, या भीती खऱ्या आहेत आणि त्यांना नुसते शौर्याचे उपदेश करून उपयोग नाही. मात्र पाच-पंचवीस जणांनी मिळून एकाच कागदावर सह्या करून विरोध नोंदवला, तर प्रत्येकाचा ऊस वेगवेगळा अडवणे अवघड जाते.

सभा संपली, ठराव झाला, तरी गोष्ट संपत नाही. ठराव निबंधकांकडे मान्यतेसाठी जातो; आपल्याकडे सहसा उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांच्या टेबलावर. त्यांची मान्यता मिळेपर्यंत ठराव अमलात येत नाही, म्हणजे तोवर तो माणूस सभासदच असतो. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा दुधाचा कॅन परत पाठवणारा सचिव कायद्याबाहेर वागत असतो.

पण कलम 35 मध्येच एक सापळा आहे आणि हे आवाहन तातडीचे आहे ते त्यामुळेच. ठराव सादर झाल्यापासून तीन महिन्यांत निबंधकांनी मान्यता किंवा नामंजुरी संस्थेला कळवायची असते. त्यांनी काहीच कळवले नाही तर ठराव आपोआप अमलात येतो. अधिकाऱ्याने कागदाला हात लावला नाही, फाईल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली, बदली झाली, निवडणुकीच्या कामाला कर्मचारी पाठवले गेले, तरीही माणूस बाहेर. सप्टेंबरच्या सभेतला ठराव ऑक्टोबरात सादर झाला तर जानेवारीत, गळीत हंगाम भरात असताना, नुसत्या सरकारी मौनाने सभासदत्व जाते. ज्याच्यावर ही पाळी येते तो बहुधा दिवाळीनंतर निवांत वकील गाठतो आणि तोवर निम्मी मुदत गेलेली असते.

तेव्हा ज्यांच्याविरुद्ध ठराव झाला असेल त्यांनी सभेनंतरच्या आठवड्यातच निबंधक कार्यालयात लेखी हरकत द्यावी. नोटिशीची तारीख, सभेत बोलू दिले की नाही, मते मोजली की नाही, एवढे मुद्दे सुटसुटीत लिहावेत. संचालकांच्या भ्रष्टाचाराची पंधरा पाने जोडण्याचा मोह टाळावा, तो वेगळा अर्ज आहे. समक्ष सुनावणी मागावी. दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन फाईल कुठे आहे ते विचारावे. निबंधकांनी ठरावाला मान्यता दिली तर कलम 152 खाली अपील करता येते. मुदत आदेश कळल्यापासून दोन महिन्यांची आहे. भावनेच्या भरात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा ठोकायला धावू नका. सहकार कायद्याने निबंधकांवर आणि सहकार न्यायालयावर सोपवलेल्या बाबींत कलम 163 ने दिवाणी न्यायालयाची दारे बंद केली आहेत, आणि तिथे वर्ष घालवून 'अधिकारक्षेत्र नाही' एवढे ऐकून परत येणारे कमी नाहीत.

निबंधक कार्यालयांतल्या अधिकाऱ्यांनाही हात जोडून सांगणे आहे. तुमच्यावर कामाचा बोजा आहे. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि तुमची संख्या त्या मानाने तोकडी आहे, हे मान्य. तरी हकालपट्टीचा ठराव आला की त्याच्यावर लाल अक्षरात तीन महिन्यांची तारीख टाका. मान्यता द्यायची तर द्या, नाकारायची तर नाकारा, पण दोन्ही बाजूंना ऐकून कारणांसह आदेश द्या. आमदारांचे फोन येतात हे आम्हाला माहीत आहे. मौनाने ठराव लागू होण्याची तरतूद ही तुमच्या सोयीची पळवाट झाली आहे, असे लोक उघड बोलू लागले आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर विधिमंडळाने ही तरतूद उलटी करायला हवी. तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर ठराव रद्द समजावा. माणसाला बाहेर काढायचे असेल तर कोणीतरी सही करून जबाबदारी घेतलीच पाहिजे.

कलम 35 हा समोरचा दरवाजा झाला. मागचाही एक आहे आणि साखर पट्ट्यात त्यातूनच ये-जा जास्त. कलम 25अ प्रमाणे सभासद राहण्याची पात्रता गमावलेल्यांची नावे रजिस्टरमधून कमी करता येतात, आणि एखादा माणूस शेतकरी आहे की नाही यासारखे प्रश्न कलम 11 खाली निबंधक ठरवतात. कार्यक्षेत्रात जमीन नाही, ऊस घालत नाही, एकाच घरात दुबार नावे आहेत, अशी कारणे देऊन शेकड्यांनी नावे उडवण्याचे अर्ज होतात आणि ते नेमके निवडणुकीच्या तोंडावर होतात. कधी सत्ताधारी विरोधकांची नावे काढू पाहतात, कधी विरोधक सत्ताधाऱ्यांनी भरलेली. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या छत्रपती राजाराम कारखान्यात सभासदांच्या पात्रतेवरून झालेली लढाई वर्षानुवर्षे चालली, उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 2023 ची निवडणूकही त्याच वादाच्या सावलीत झाली. बोगस सभासद काढायलाच हवेत, यात दुमत नाही. पण यादीतल्या प्रत्येक नावामागे एक माणूस आहे आणि प्रत्येकाला आपला सात-बारा दाखवायची संधी मिळाली पाहिजे. घाऊक यादी, घाऊक नोटीस आणि घाऊक आदेश, असा कारभार कोणत्याही पॅनेलचा असो, तो आपण खपवून घेता कामा नये.

म्हणून घरातली कागदपत्रे आत्ताच पाहून ठेवा. वडील जाऊन दहा वर्षे झाली आणि शेअर अजून त्यांच्याच नावावर, ही अवस्था घराघरांत आहे. मयत सभासदाचे नाव उडते तेव्हा मागे उरलेल्यांना हरकत घ्यायलाही पाय ठेवायला जागा नसते. वारस नोंदीचा अर्ज या महिन्यात द्या. ऊस घातल्याच्या पावत्या, दुधाचे कार्ड, शेअर दाखला, मिळालेल्या लाभांशाची नोंद, सगळे एका पिशवीत ठेवा. सभेला हजर राहिल्याची सही रजिस्टरमध्ये कराच. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर 2013 साली राज्याच्या कायद्यात 'क्रियाशील सभासद' ही कल्पना आली. पाच वर्षांत निदान एका सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर, अशी अट तिच्यात होती. पुढे या तरतुदींत पुन्हा फेरफार झाले. सरकारे बदलली तशी मताच्या हक्काची रेघही सरकत राहिली. ती रेघ कुठेही सरको, हजेरीपटावरची तुमची सही तुमच्याच कामाला येईल.

ज्यांची संस्था एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी, म्हणजे मल्टीस्टेट आहे, त्यांना केंद्राचा 2002 चा कायदा लागू होतो. तिथे हकालपट्टीला दोन तृतीयांश मते पुरतात आणि वाद सहकार न्यायालयात न जाता लवादापुढे जातात. संस्था मल्टीस्टेट करण्याचा ठराव येतो तेव्हा सभासदांनी हा फरकही पाहायला हवा. 2018 साली गोकुळ दूध संघाच्या वार्षिक सभेत मल्टीस्टेटच्या ठरावावरून झालेला गदारोळ कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. सभा गोंधळातच आटोपली, पण दूध उत्पादक मागे हटले नाहीत आणि शेवटी तो बेत सोडून द्यावा लागला. लोक बसून राहिले, बोलत राहिले की ठराव परत फिरतात. हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे.

शहरातल्या सभासदांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. पुनर्विकासाच्या काळात, बहुमताला विरोध करणाऱ्या घरांना 'तुम्हाला सोसायटीतून काढू' अशा धमक्या दिल्या जातात. पुनर्विकासाचा निर्णय सभेने रीतसर घेतला असेल तर अल्पमतातल्या सभासदालाही तो पाळावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तेव्हा केवळ हट्टाने अडून बसणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सभेत हरणे आणि संस्थेतून काढले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्डरच्या करारातले कलम वाचून दाखवा म्हणणारा शेजारी तुमच्या विरोधात नसतो. बहुतेक वेळा त्याच्या कटकटीमुळेच सगळ्यांची बँक हमी वेळेवर येते.

चेअरमन आणि संचालक मंडळींनो, तुम्हालाही हे लागू आहे. आज ज्या पायंड्याने तुम्ही विरोधकाला काढता, त्याच पायंड्याने उद्या पॅनेल बदलले की तुमचे नाव विषयपत्रिकेवर येते. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या खटपटीतून लोणीला शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला, तो गावोगाव हिंडून, दारोदार जाऊन माणसे जोडल्यामुळे. शेअर कितीही असोत, मत एकच, या अटीवर लहान शेतकरी त्यात आला. माणसे वजा करण्यासाठी ज्यांना इतकी घाई आहे त्यांनी मंडळाच्या बैठकीत ठराव लिहिण्याआधी आपल्या वकिलाला एवढेच विचारावे, की हा ठराव टिकेल का. आणि कोर्टकचेरीचा खर्च संस्थेच्या खात्यातून होणार आहे, तेव्हा तो आकडा अहवालात वेगळा दाखवावा.

अहवाल हातात घ्या. विषयपत्रिकेत ती ओळ दिसली तर खालचा मजकूर साध्या कागदावर लिहा, जमतील तेवढ्या सभासदांच्या सह्या घ्या आणि सभा सुरू होण्याआधी संस्थेत द्या.

'मा. चेअरमन यांस. आजच्या सभेपुढे असलेल्या, सभासदास काढून टाकण्याच्या ठरावाबाबत विनंती, की संबंधित सभासदास एक महिन्याची लेखी नोटीस दिल्याची पोच सभेस दाखवावी. त्यांना सभेपुढे बोलू द्यावे, ते हजर नसल्यास त्यांचा लेखी खुलासा वाचून दाखवावा. ठरावाच्या बाजूची व विरोधातील मते मोजून आकडे इतिवृत्तात लिहावेत. हे पत्र इतिवृत्तास जोडावे.'

दोन प्रती करा. एक सचिवांना द्या, दुसरीवर तारीख, वेळ आणि संस्थेचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार आला, तर वाद घालत बसू नका. प्रतीवर 'पोच नाकारली' असे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच सहायक निबंधकांकडे ती आवक करून घ्या.